वडखळच्या नाक्यावर मिटवलेली तक्रार

माझा स्वभाव तापट आणि धंदा थंड हवेचा. हा विनोद बायको लग्नापासून करत आली आहे, म्हणून आता मीच तो आधी करून टाकतो. राहायला रोह्याला आणि कामाला पेणच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये, एसी दुरुस्तीला. सकाळच्या गाडीने पेणला उतरायचं, सेंटरची मोटरसायकल काढायची आणि मोबाईलवर आलेल्या यादीप्रमाणे दिवसभर फिरायचं. गाडी नागोठण्याला पोचेपर्यंत यादी येते, त्यामुळे आज कोणाच्या शिव्या खायच्या आहेत ते मला खिडकीत बसल्या बसल्या कळतं.

लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे पाना आणि गॅसची टाकी. अर्धं काम तोंडाचं असतं. 'वॉरंटीत बसत नाही' हे वाक्य मी इतक्या वेळा बोललोय की झोपेतही बोलत असेन. दुकानदार एसी विकताना म्हणतो, दहा वर्षं काही बघायला नको. गिऱ्हाईक खूश. पण ती दहा वर्षं फक्त कंप्रेसरची, म्हणजे बाहेरच्या डब्यातल्या त्या काळ्या गाडग्याची. बाकी सगळ्या मशीनची वॉरंटी एकच वर्ष. हे कार्डावर छापलेलं असतं, पण ते मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरात, आणि कार्ड कोण वाचतो? मग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मी दारात उभा राहतो आणि दुकानदाराच्या वाट्याच्या शिव्या मला मिळतात. शिवाय नियम आहेतच. उंदरांनी वायर कुरतडली तर नाही. दुसऱ्या कोणी मशीन उघडलं तर नाही. मशीनवरचा नंबराचा स्टिकर गेला तर नाही. आणि खाऱ्या हवेने गंज चढला तर अजिबात नाही.

या शेवटच्या नियमात अख्खा खारेपाट वॉरंटीच्या बाहेर जातो. धरमतरच्या खाडीकडे तोंड करून उभी असलेली गावं ती. तिथे बाहेरचं मशीन भिंतीवर लावलं की खारं वारं त्याला खायला सुरुवात करतं. तीन वर्षांत आतल्या पातळ पत्र्या भिजल्या पापडासारख्या हातात येतात. मी दर वेळी जायचो, दर वेळी गंज निघायचा, दर वेळी तेच वाक्य बोलायचो.

त्यातून मी एक सोपी वाट काढली होती. ही वाट मी कोणाला सांगितली नव्हती, आज लिहितोय. यादीत खाडीकडच्या गावाचं नाव दिसलं की मी वडखळच्या नाक्यावर थांबायचो, चहा आणि वडा मागवायचो, आणि वडा येईपर्यंत मोबाईलवर लिहून मोकळा व्हायचो: 'गंज. वॉरंटी लागू नाही. तक्रार बंद.' मग गावात जायचो ते फक्त लांबूनच एक फोटो काढायला, कारण बंद केलेल्या तक्रारीला संध्याकाळपर्यंत बाहेरच्या मशीनचा एक फोटो जोडावा लागतो. उंटावरून शेळ्या हाकायचा प्रकार. पण शेळ्या चुकल्याचं कधी कानावर आलं नव्हतं, म्हणून मला त्यात काही वावगंही वाटत नव्हतं.

मे महिन्यात एक दिवस असंच झालं. तक्रार खाडीकाठच्या एका गावातली, 'एसी गार करत नाही' अशी. मी नाक्यावर बसलो, बटण दाबलं, वडा खाल्ला आणि निघालो.

घर बांधाला लागूनच होतं. पलीकडे मिठागरं, त्यांच्यापलीकडे खाडी. मिठागरात उभी हयात काढलेल्या माणसाचं घर, दोन खोल्या आणि ओटी. भिंतीवर एसी बघून माझ्या मनात जे आलं तेही सांगतो: हौस बघा लोकांची! लेकाच्या लग्नात घेतला असेल, चार लोकांत मिरवायला.

ओटीवर एक साठीच्या पुढची बाई बसली होती. तिच्यासमोर चार-पाच वर्षांची पोर, अंगावर फक्त ओला परकर, डोक्यावर ओलं फडकं. बाई तांब्यातल्या पाण्यात फडकं बुडवायची, पोरीच्या छातीवरून, पाठीवरून फिरवायची, परत बुडवायची. टेबलफॅन गरम वारा फेकत होता. पोरीचं तोंड लालबुंद झालं होतं.

"ताप आहे का तिला?" मी विचारलं.

"ताप नाय ओ मिस्तरी," बाई म्हणाली. "हिला घामच नाय येत. जल्मापासना नाय. आमची नात ही. मुंबईचा डागदर बोलला, हिला गारव्यात ठेवाची, नायतं आतल्या आत तापंल आनि फिट येल. दोनदा आलीय. म्हनून तं ह्यो एसी लावला." पोरीकडे वळून ती म्हणाली, "हल नको गो बाय, जरा गप बस."

मी पोरीकडे नीट बघितलं. विरळ केस, मोजकेच दात, आणि कातडी अगदी कोरडी. मी मात्र निथळत होतो. माझा शर्ट पाठीला चिकटलेला, भुवयांवरून थेंब गळताहेत. ती माझ्याकडे टक लावून बघत होती.

"आई-बाप कुठे हिचे?"

"बाप धरमतरच्या जेटीवर, शिफ्टला. आय पेनला कामाला जाते. आमीच दोगा असताव दिसभर."

खिशातला मोबाईल मला एकदम जड वाटायला लागला. पण म्हटलं, गंज तो गंज. पोरीला घाम येत नाही याला कंपनी काय करणार, आणि मी तरी काय करणार?

मी मागच्या पडवीत गेलो. बाईचा नवरा तिथेच होता, काटक म्हातारा, पायांच्या बोटांना मिठाच्या भेगा. बाहेरचं मशीन भिंतीवर होतं. मी फोटोसाठी मोबाईल वर धरला आणि तसाच राहिलो.

मशीन चकचकीत होतं. चार वर्षं जुनं, समोर खाडी, आणि गंजाचा ठिपका नाही. आतल्या पत्र्या सरळ, स्वच्छ. स्क्रू नव्यासारखे. पेणातल्या फ्लॅटमध्येही मी असं मशीन बघितलं नव्हतं.

"काका, हे कोणी धुतलं?"

"मी धुताव. रोज सांजचा." म्हाताऱ्याने छाती जराशी पुढे काढली. "खारं लोखंडाला खातं. मिठागरात आमी फावरं, घमेली, सायकल, सगला कामावरना आलाव की गोड्या पान्यानं धुताव, नि तेलाचा हात फिरवताव. नायतं एक पावसाला टिकाचं नाय. बोललू, ह्या पन लोखंडच हाय."

"गोडं पाणी कुठून आणता?"

हा प्रश्न त्या गावात विचारायचा नसतो. नळाला चार दिवसांनी पाणी येतं, तेही करंगळीएवढं. बाया हंड्यांच्या रांगा लावून बसतात. त्यातली एक कळशी हा माणूस रोज मशीनवर ओतत होता.

"एक कलशी," तो म्हणाला. "आमी दोगा आंगोल खाडीच्या पान्यानं करताव. वरना एक तांब्या गोडा घेताव. चालतंय आमाला."

मी खाली बसलो. पाने काढले आणि त्या दिवशी पहिल्यांदा माझं खरं काम सुरू केलं. पंखा फिरत होता, कंप्रेसर गुरगुरून बंद पडत होता. कपॅसिटर बदलून पाहिला, फरक नाही. मीटर लावला. कंप्रेसरच आतून जळाला होता. गंजाने नाही, पाण्याने नाही, विजेच्या चढउताराने नाही, कारण घरात स्टॅबिलायझर होता आणि तो धडधाकट होता. गाडगंच कच्चं निघालं होतं. म्हणजे ज्या एका गोष्टीला दहा वर्षांची वॉरंटी, नेमकी तीच बिघडली होती, आणि ज्या गोष्टीमुळे ती वॉरंटी या गावात नेहमी बुडते ती इथे नव्हती. हातात फावडं धरणाऱ्या एका माणसाने ती चार वर्षं जवळ येऊ दिली नव्हती.

मग मी नंबर टिपून घ्यायला बाजूचा स्टिकर बघितला. पांढरा कागद. त्यावर एक अक्षर नाही. चार वर्षं रोज तेलाचं फडकं फिरलेलं, शाई कधीच पुसून गेली होती.

माझा भडका उडाला. "हे काय केलंत काका? स्टिकरवर कोणी तेल लावतं का? आता कंपनी म्हणेल हे मशीन आमचंच नाही! सगळी वॉरंटी गेली की हो!"

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. त्याने त्या कोऱ्या कागदावर बोट फिरवलं. "मना काय ठाव?" तो हळूच म्हणाला. "मी सगल्यालाच लावला."

ओरडलो खरा, पण त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं की मला पळवाट सापडली आहे. सकाळी मी 'गंज' लिहिलं होतं. आता कारण बदललं की झालं, 'स्टिकर नाही.' नकार तोच. माझी लबाडी उघडी पडायची नाही, आणि नियमानेही कोणी मला चूक म्हणणार नाही.  मोबाईल हातात होता.

आरडाओरडा ऐकून बाई पडवीत आली. पोर तिच्या कडेवर. "मिस्तरी, एक इचारू? ही वारंटी वारंटी बोलतात ती म्हंजे काय ओ?"

"म्हणजे..." मी चिडूनच सुरुवात केली. "म्हणजे कंपनीने शब्द दिलेला असतो. आमच्या चुकीने बिघडलं तर आम्ही भरून देऊ. तुमच्या चुकीने बिघडलं तर नाही. म्हणून आधी बघायचं असतं, चूक कोणाची."

म्हातारा खाडीकडे बघत होता. "आमच्या बांधाला खांड परते ना," तो म्हणाला, "तवा आमी नाय बघत कोनाच्या शेताम्होरं परली नि कोनाची चूक. खारा पानी शेतान शिरला तं सगल्यांचाच भात जाल. आधी खांड बुजवताव. मंग भांडताव."

 

तेवढ्यात पोर कडेवरून खाली उतरली. ओटीवर गेली आणि परत आली तेव्हा तिच्या हातात तिचं ओलं फडकं होतं, पाणी ठिबकणारं. मी उकिडवा बसलो होतो, त्यामुळे माझं डोकं तिच्या हाताला लागत होतं. तिने ते फडकं माझ्या डोक्यावर ठेवलं आणि दोन्ही हातांनी दाबलं.

"त्याला वाटतंय गार," ती आजीला म्हणाली. तिच्या हिशेबी, ज्याला गरम होतं त्याला हेच करायचं असतं. गोड्या पाण्याचे थेंब माझ्या कानामागून शर्टात उतरले.  मी मान खाली घालून पाना पुसत बसलो.

"बिल आहे का तुमच्याकडे? आणि कार्ड?" थोड्या वेळाने मी विचारलं.

बाई आत गेली आणि तांदळाचा पत्र्याचा डबा घेऊन आली. कोपरापर्यंत हात खुपसून तिने प्लॅस्टिकची पिशवी बाहेर काढली. खाडीच्या दमट हवेत कागद टिकत नाहीत, म्हणून महत्त्वाचा कागद त्या घरात तांदळात राहतो. बिल कोरं करकरीत. त्यावर आतल्या मशीनचा नंबर, बाहेरच्या मशीनचा नंबर, दुकानाचा शिक्का, सगळं होतं. मी कंप्रेसरवरची धूळ पुसली. त्याच्या पत्र्यावर ठोकलेला त्याचा स्वतःचा नंबरही शाबूत होता. मग मी ते कार्डही वाचलं, मुंगीच्या पायांची सगळी अक्षरं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. इतकी वर्षं लोकांना त्यातले नियम सुनावले, पण अख्खं कार्ड वाचायची ती माझी पहिलीच वेळ.

आता एकच अडचण उरली होती, आणि ती मी स्वतः होतो. बंद केलेली तक्रार परत उघडायची तर साहेबांना कारण सांगावं लागतं. मी बांधावर जाऊन फोन लावला.

"साहेब, सकाळची खारेपाटातली तक्रार परत उघडायची आहे. कंप्रेसर गेलाय, वॉरंटीत बसतो. स्टिकर नाही, पण बिल आहे आणि कंप्रेसरवर नंबर आहे."

"मग तू 'गंज' का लिहिलंस?"

"मी बघितलं नव्हतं. वडखळला बसून लिहिलं."

 त्यावर साहेब जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्यातला एकही शब्द अनाठायी नव्हता. शेवटी म्हणाले, "हे काम पुरं कर. मग सेंटरवर टेबलाला बस. मी सांगेपर्यंत बाहेर जायचं नाही."

कंप्रेसर यायला आठ-नऊ दिवस लागणार होते. मे महिन्यातले आठ-नऊ दिवस, आणि ती पोर. मी त्या दिवशी दुपारचीच गाडी धरून रोह्याला गेलो. माझ्या घरी माळ्यावर एक जुना खिडकीचा एसी होता, भंगारातून उचललेला आणि मीच सुटे भाग घालून चालू केलेला. बायको म्हणाली, "आपल्याला तो लावायला तुला तीन वर्षं सवड झाली नाही." मी काय झालं ते तिला सांगितलं. एसीचं दुसरं टोक धरून तिने तो खाली उतरवायला मदत केली. ओळखीच्या टेम्पोतून तो मी संध्याकाळच्या आत खारेपाटात नेला आणि त्यांच्या खिडकीत प्लायवूडच्या आधाराने बसवला. आवाज ट्रॅक्टरसारखा, पण हवा गार.

"ह्याची वारंटी किती?" म्हाताऱ्याने विचारलं. सकाळपासून पहिल्यांदा तो हसला होता.

"ह्याची वॉरंटी माझी," मी म्हटलं.

ते त्याला खूप आवडलं. मला मात्र बोलताना लाज वाटली.

नवव्या दिवशी कंप्रेसर आला. भर दुपारी तो बसवला, नळ्या जोडल्या, गॅस भरला. मशीन सुरू झालं आणि खोली गार व्हायला लागली. पोर सतरंजीवर आडवी झाली, थोड्या वेळाने तिने आजीचं जुनं लुगडं अंगावर ओढून घेतलं आणि पाय पोटाशी घेऊन झोपली. बाहेर खाडीवरून भाजून काढणारं वारं येत होतं आणि आत पोरीला थंडी वाजत होती. तिची आजी दारात उभं राहून नुसती बघत राहिली.

मग तिने माझ्या पिशवीत वाळवलेल्या जवळ्याची पुडी आणि जाड मिठाची पिशवी घातली. नको म्हटलं तर ऐकेना. "तुमी व्हताव म्हनून जाला," ती म्हणाली. "देवमानूस हाव."

हा शब्द मला सोसेना. इतके दिवस मी विचार करत होतो, सांगावं की नाही. सांगितलं नसतं तरी कोणाला कळलं नसतं. पण ती पिशवीची गाठ मारत होती आणि मी बोलून गेलो. सगळं सांगितलं. वडखळचा नाका, वडा, बटण.

म्हातारा पडवीच्या खांबाला टेकला. "म्हंजे तुमी यायच्या आधीच नाय बोलला व्हताव?"

"हो."

"मंग आलाव कशाला?"

"फोटो काढायला."

 बाईचे हात पिशवीच्या गाठीवर थांबले. मला वाटलं, ती आता पुडी काढून घेणार, आणि घ्यावी असंच मला वाटत होतं. तिने गाठ घट्ट केली आणि पिशवी माझ्या हातात दिली.

"आमचा तं जाला," ती म्हणाली. "बाकीच्यांचा काय?"

महिनाभराने मला परत बाहेर सोडलं. खारेपाटातल्या ज्या तक्रारी मी नाक्यावरून मिटवल्या होत्या त्यांची यादी मी मोबाईलमधून काढली आहे आणि सुट्टीच्या दिवशी एकेका घरी जातो. साहेबांना माहीत आहे, ते हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. बहुतेक घरांत गंजच निघतो. तेव्हा मी पत्र्या हातात घेऊन दाखवतो, बसून समजावतो आणि जाताना सांगतो, पुढचं मशीन घ्याल तेव्हा गोड्या पाण्याने धुवा, तेल लावा, पण स्टिकर तेवढा सोडा.

गेल्या रविवारी खाडीच्या अगदी टोकाच्या एका घरी गेलो. दारात एक बाई जाळं विणत बसली होती. मी ओळख सांगितली आणि म्हटलं, एसीचं मशीन परत एकदा बघायला आलोय.

"तं भंगारात दिला ओ," ती म्हणाली. "तुमीच बोललाव ना, काय नाय व्हयाचा म्हनून."

मी घराच्या मागे गेलो. भिंतीवर मशीनची लोखंडी चौकट अजून होती. तिला गंज नव्हता, आणि चौकटीवरून हात फिरवला तर बोटांना तेल लागलं.